लायसोट्रॅकरने चेतापेशी अधिक उजळल्या, तर त्यांतील लायसोसोम (पेशीतील पचनाच्या पिशव्या) अधिक काम करतात असे म्हणावे का?

प्राणिशास्त्र_दारव्हा यांचा प्रश्न

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी पदव्युत्तर वर्गाला प्राणिशास्त्र शिकवते. आमची एक माजी विद्यार्थिनी सध्या एका प्रयोगशाळेत मानवी मूलपेशींपासून वाढवलेल्या चेतापेशींवर काम करते. तिच्या मार्गदर्शकांच्या परवानगीने तिने आमच्या मुलांना मोजमापाच्या सरावासाठी काही सूक्ष्मदर्शकी चित्रे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. चित्रांचे दोन गट आहेत. एका गटातील चेतापेशी जीबीए१ या, लायसोसोममधील एक विकर बनवणाऱ्या, जनुकात दोष असलेल्या व्यक्तीच्या त्वचेपासून तयार केलेल्या आहेत आणि दुसऱ्या गटातील निरोगी व्यक्तीच्या त्वचेपासून. दोन्हींना लायसोट्रॅकर रेड हे रंगद्रव्य दिलेले होते. मुलांनी फिजी या मोफत संगणकप्रणालीत एकेका पेशीची उजळी मोजली, तेव्हा दोषयुक्त चेतापेशी स्पष्टपणे अधिक उजळ निघाल्या.

येथून वर्गात वाद सुरू झाला. काहींचे म्हणणे असे की लायसोट्रॅकर आम्लधर्मी जागी साठतो, म्हणून अधिक उजळी म्हणजे अधिक आम्लता आणि अधिक आम्लता म्हणजे अधिक पचन. एक विकर कमी पडत असल्यामुळे पेशी बाकीचे काम जोमाने करत असावी. इतरांचे म्हणणे असे की जीबीए१ मधील दोष म्हणजेच लायसोसोममधील दोष, तेव्हा चित्र मंद दिसायला हवे होते, आणि ज्याअर्थी ते उजळ आहे त्याअर्थी डब्यांवरील चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असावी. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात, पण नेमके काय अपुरे आहे ते मुलांना पटेल अशा रीतीने सांगता येत नाही.

म्हणून जाणकारांना विनंती आहे की या उजळीचा अर्थ काय लावावा आणि लायसोसोमचे काम खरोखर मोजायचे असेल तर कोणत्या मार्गाने मोजतात, हे कृपया सांगावे. त्वचेच्या पेशी सहज वाढतात, तर मग एवढ्या खटपटीने चेतापेशीच का बनवायच्या, हाही मुलांचा रास्त प्रश्न आहे. शेवटचा प्रश्न माझा स्वतःचा. आमच्याकडे कार्बन डायऑक्साइडचा इन्क्युबेटर नाही, कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक नाही, आणि वीज केव्हा जाईल याचा भरवसा नाही. अशा ठिकाणी या विषयातले काही मुलांना हाताने करून पाहता येईल का? केवळ पडद्यावरची चित्रे मोजून लायसोसोम समजतो, असे मला वाटत नाही.

चेतापेशी_संवर्धन यांचे उत्तर

मॅडम, नमस्कार. मी मूळचा वाशीम जिल्ह्यातला. सध्या बंगळूरूत मानवी चेतापेशी वाढवण्याचेच काम करतो. तुमच्या वर्गातील दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न बोलता गृहीत धरली आहे, ती म्हणजे उजळी हे कामाचे माप आहे. तसे ते नाही. हा गोंधळ केवळ वर्गातच होतो असे नाही, संशोधकांच्या चर्चेतही तो पुन्हा पुन्हा डोके वर काढतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

लायसोट्रॅकर हा क्षीण आम्लारी आहे. त्याचे प्रभाररहित रेणू पटल ओलांडून कोठेही जाऊ शकतात. लायसोसोमच्या आत सामू (पीएच) ४.५ ते ५ असतो, तेथे त्यांना प्रोटॉन चिकटतो, ते धनप्रभारित होतात आणि मग त्यांना सहजी बाहेर पडता येत नाही. पेशीद्रव्याचा सामू सुमारे ७.२ असतो. अडीच एककांचा हा फरक लहान वाटतो, पण हायड्रोजन आयनांच्या संहतीत तो सुमारे तीनशे पट भरतो, आणि व्ही-एटीपेज नावाचा प्रोटॉनपंप एटीपी खर्च करून तो अखंड टिकवून ठेवतो. रंग साठतो तो या फरकामुळे. मात्र किती साठतो हे केवळ सामूवर अवलंबून नाही. लायसोसोमांची संख्या वाढली तरी उजळी वाढते. संख्या तीच राहून ते फुगले तरी वाढते. रंग देताना द्रव थोडा अधिक पडला किंवा काही मिनिटे अधिक गेली तरी वाढते. न पचलेल्या मेदाने फुगलेला, जेमतेम आम्लधर्मी राहिलेला आजारी लायसोसोम आकाराच्या जोरावर निरोगी लायसोसोमपेक्षा अधिक उजळ दिसू शकतो. तेव्हा तुमच्या मुलांना जे दिसले ते खरे असू शकते, चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असे मानण्याचे कारण नाही. फक्त त्यावरून ‘अधिक काम’ असा निष्कर्ष निघत नाही आणि ‘कमी काम’ असाही निघत नाही.

सामूच मोजायचा असेल तर दोन रंगांचे गुणोत्तर घ्यावे लागते. डेक्स्ट्रान ही शर्करांची साखळी पेशी बाहेरून गिळते, पण मानवी लायसोसोम तिला पचवू शकत नाहीत, त्यामुळे ती तेथे साठून राहते. तिला एक सामूप्रमाणे बदलणारा रंग आणि एक न बदलणारा रंग जोडतात, रात्रभर पेशींना देतात, नंतर साध्या माध्यमात काही तास ठेवून ती लायसोसोमपर्यंत पोहोचू देतात आणि मग दोन्ही रंगांच्या उजळीचा भागाकार करतात. आकार, संख्या आणि गिळलेले प्रमाण दोन्ही रंगांत सारखेच असल्यामुळे भागाकारात ते गळून जाते. रंगाची निवड येथे महत्त्वाची आहे. फ्लुओरेसिनचा बदल सामू ६.४ च्या आसपास सर्वांत ठळक असतो, ५ च्या खाली तो जवळजवळ बोलत नाही. ऑरेगॉन ग्रीन ४.७ च्या आसपास बदलतो, म्हणून तो येथे उपयोगी पडतो. शेवटी नायजेरिसिन व मोनेन्सिन घालून पेशीच्या आतला सामू बाहेरच्या ज्ञात सामूइतका करतात आणि त्याच पेशींवर मापपट्टी तयार करतात. ही मापपट्टी नसेल तर ‘सामू वाढला’ हे विधान स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सामू ४.५ वरून ५ वर गेला तर हायड्रोजन आयन तिपटीहून अधिक घटतात, आणि एवढासा फरक साध्या उजळीवरून ओळखणे शक्य नाही.

सामू बरोबर असला म्हणून पचन होतेच असे नाही. लायसोसोममध्ये सुमारे साठ प्रकारची जलविघटक विकरे असतात, आणि तुमच्या चित्रांतील पेशींत त्यांतल्या एकाच विकराची, ग्लुकोसेरेब्रोसिडेजची, वानवा आहे. हे विकर आंतर्द्रव्यजालिकेत (पेशीतील प्रथिने घडवणाऱ्या जाळ्यात) तयार होते आणि लिंप-२ नावाच्या प्रथिनाच्या सोबतीने लायसोसोमपर्यंत येते. जीबीए१ मधील पुष्कळशा उत्परिवर्तनांत विकराची घडी चुकते आणि ते जालिकेतच अडकून मोडले जाते. म्हणजे लायसोसोम पुरेसा आम्लधर्मी, बाकीची विकरे जागेवर, पण ग्लुकोसिलसेरामाइड हा मेद मात्र साचत चाललेला, अशी स्थिती संभवते. ‘लायसोसोमचे काम’ असे एकच काम नाही, आणि प्रश्न विचारताना कोणते काम ते आधी ठरवले पाहिजे.

प्रथिनांचे पचन पाहण्यासाठी डीक्यू-बीएसए वापरतात. या प्रथिनावर रंगाचे रेणू इतके दाटीने बसवलेले असतात की ते एकमेकांचा प्रकाश दाबून टाकतात. प्रथिन तुटले की ते सुटे होतात आणि चमकतात. मात्र पेशीने ते आधी गिळले पाहिजे. गिळणेच मंदावले असेल तर उजळी कमी येईल आणि आपण पचन मंदावले असे समजून बसू. म्हणून त्याच्या जोडीला न पचणारे रंगीत डेक्स्ट्रानही द्यावे. कॅथेप्सिन बी या विकरासाठी मॅजिक रेड मिळतो. ग्लुकोसेरेब्रोसिडेजसाठी बहुतेक ठिकाणी पेशी फोडून, मिथिलअंबेलिफेरिल जोडलेली शर्करा देऊन विकराची क्रिया मोजतात; पण त्या नळीत आम्लधर्मी द्रव आणि पित्तलवण आपणच घातलेले असते. त्यातून विकराची कुवत कळते. जिवंत लायसोसोममध्ये त्याला तशी परिस्थिती मिळते की नाही, हे त्यातून कळत नाही. स्वभक्षणाचा (पेशी आपलेच जुने घटक पुटांत, म्हणजे पटलाच्या पिशव्यांत, गुंडाळून लायसोसोमकडे पचायला पाठवते त्याचा) मागोवा घेताना त्या पुटांवरील एलसी३-२ या प्रथिनाचा पट्टा गडद दिसला तर नवी पुटे अधिक तयार होत आहेत की जुनी निकाली निघत नाहीत, हे उघड नसते; बॅफिलोमायसिनने पंप बंद करून आणि न करून, अशा दोन्ही स्थितींत पाहिल्याशिवाय उत्तर मिळत नाही. तुमच्या चित्रांतही बॅफिलोमायसिन दिलेला एक डबा असायला हवा, कारण तेथे लायसोट्रॅकरची उजळी जवळजवळ नाहीशी झाली पाहिजे. तशी ती झाली नसेल तर तो रंग आम्लतेखेरीज आणखी कशाला तरी चिकटतो आहे.

आता चेतापेशीच का, याविषयी. त्वचेची पेशी विभागते आणि प्रत्येक विभाजनात साचलेला माल दोन पेशींत वाटला जातो. चेतापेशी विभागत नाही, त्यामुळे जन्मभराचा कचरा तिला स्वतःच निस्तरावा लागतो. शिवाय तिचा अक्षतंतू लांब असतो; पाठीच्या कण्यातून पायापर्यंत जाणारा तर सुमारे मीटरभर. स्वभक्षणाची पुटे अक्षतंतूच्या टोकाशी तयार होतात आणि डायनीन या चालक प्रथिनाच्या बळावर पेशीकायाकडे येता येता आम्लधर्मी होत जातात. ही वाटचाल त्वचेच्या पेशीत नाही. आणि जीबीए१ च्या दोषाने ज्याचा धोका वाढतो त्या पार्किन्सन आजारात जे अल्फा-सिन्युक्लिन हे प्रथिन साचते ते चेतापेशींत भरपूर असते, त्वचेच्या पेशींत जवळजवळ नसते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या शोधनिबंधात मानवी चेतापेशींत असे दाखवले गेले की ग्लुकोसेरेब्रोसिडेज कमी पडले की अल्फा-सिन्युक्लिन साचते, आणि साचलेले अल्फा-सिन्युक्लिन उलट या विकरालाच लायसोसोमपर्यंत येऊ देत नाही. हे दुष्टचक्र त्वचेच्या पेशीत पाहायला मिळाले नसते.

ही सोय तशी अलीकडची आहे. यामानाका यांच्या गटाने २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचापेशींना चार जनुकांच्या साहाय्याने मूलपेशींच्या अवस्थेत नेले. २०१३ मध्ये एनजीएन२ हे एकच जनुक चालू करून मूलपेशींपासून सुमारे दोन आठवड्यांत चेतापेशी बनवण्याची रीत आली. पण विद्यार्थिनीला एक जरूर विचारा: चित्रांतल्या चेतापेशी कोणत्या? एनजीएन२ ने बनणाऱ्या पेशी मेंदूच्या बाह्यकातील उत्तेजक चेतापेशींसारख्या असतात. पार्किन्सनमध्ये मरणाऱ्या डोपामिन चेतापेशी वेगळ्या, आणि त्या बनवायला बराच अधिक काळ लागतो. कोणत्याही रीतीने बनवल्या तरी या चेतापेशी वयाने गर्भावस्थेतल्या असतात. सत्तर वर्षांच्या मेंदूतील साचलेपण त्यांच्यात नसते, हे विसरून चालणार नाही.

बालरोग_वर्धा यांचे उत्तर

वरील उत्तर उत्तम आहे. मी वर्धा जिल्ह्यात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो आणि याच जनुकाची दुसरी बाजू मला रुग्णांत दिसते, म्हणून लिहितो.

जीबीए१ च्या दोन्ही प्रती सदोष असल्या तर गौशे आजार होतो. मूल येते ते पोट पुढे आलेले, फिकट पडलेले आणि वारंवार थकणारे. आपल्या भागात वाढलेली प्लीहा हाताला लागली की मलेरिया आणि सिकलसेल ही नावे आधी मनात येतात, आणि ते योग्यच आहे, कारण पूर्व विदर्भात दोन्ही आजार आहेत. परंतु त्या तपासण्या स्वच्छ आल्यानंतर तेथेच थांबू नये. अस्थिमज्जेत चुरगाळलेल्या पातळ कागदासारखे पेशीद्रव्य असलेल्या मोठ्या भक्षकपेशी दिसल्या तर गौशेचा संशय घ्यावा आणि रक्तातील पांढऱ्या पेशींत विकराची क्रिया मोजून खात्री करावी. पहिल्या प्रकारात मेंदू वाचतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात वाचत नाही. हा फरक पालकांना सांगणे हे माझ्या कामातील सर्वांत अवघड काम आहे, कारण बाहेरून दिलेले विकर प्लीहा आणि यकृतावर चांगला परिणाम करते, पण रक्त आणि मेंदू यांमधील अडसर ओलांडत नाही. सीएलएन२ या दुसऱ्या साठवण-आजारात (लायसोसोममध्ये न पचलेला माल साचण्याच्या आजारात) २०१७ पासून अमेरिकेत मान्यता मिळालेले विकर दर दोन आठवड्यांनी थेट मेंदूच्या पोकळीत सोडावे लागते, यावरून या अडसराची कल्पना यावी.

त्यामुळे प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी चेतापेशींचे महत्त्व मला डॉक्टर म्हणून फार वाटते. जिवंत मुलाच्या मेंदूचा तुकडा कोणी काढू शकत नाही आणि काढूही नये. उंदराचा मेंदू उपयोगी आहे, पण तो माणसाचा नाही.

मॅडम, तुमच्या वर्गात दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात असे वाटते. हे आजार अप्रभावी रीतीने वारसाने येतात, म्हणजे आई आणि वडील दोघेही निरोगी वाहक असू शकतात. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत अनेक समाजांत आहे, आणि एकाच घराण्यातील दोघांकडे तीच सदोष प्रत असण्याची शक्यता त्यामुळे वाढते. ही माहिती कोणाच्या चालीरीतीला नावे न ठेवता सांगता येते आणि सांगितली पाहिजे. ज्या घरात एक मूल असे झाले आहे, त्या घराला पुढच्या वेळी गर्भावस्थेत तपासणीचा पर्याय असतो, हेही लोकांना ठाऊक नसते.

दुसरी गोष्ट पार्किन्सनची. गौशेच्या रुग्णांच्या नातेवाइकांत पार्किन्सन अधिक दिसतो हे आधी दवाखान्यांतील डॉक्टरांच्या लक्षात आले, आणि २००९ मध्ये अनेक देशांतील केंद्रांनी मिळून केलेल्या मोठ्या अभ्यासाने त्यावर शिक्कामोर्तब केले. तरीही एक सदोष प्रत असलेल्या बहुतेकांना पार्किन्सन होत नाही. चित्रांचा अर्थ लावण्याच्या भरात मुलांच्या मनात ‘सदोष जनुक म्हणजे नक्की आजार’ असे बसू देऊ नका.

आणि कोणा पालकांनी विचारलेच, तर त्वचेचा किंवा रक्ताचा नमुना संशोधनासाठी देणे म्हणजे उपचार नव्हे, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. देशात मूलपेशी संशोधनासाठी २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आहेत; संस्थेची नैतिक समिती, मूलपेशी संशोधनाची स्वतंत्र समिती आणि दात्याची समजून दिलेली लेखी संमती यांखेरीज असा नमुना कोणी घेऊ नये. उपचारासाठीची वाट वेगळी आहे. दुर्मीळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणाखाली काही रुग्णालये विशेष केंद्रे म्हणून नेमलेली आहेत, आणि आपल्या राज्यात मुंबईचे केईएम रुग्णालय त्यांपैकी एक आहे.

संत्रापट्टा_वरूड यांचे उत्तर

मॅडम, तुमच्या शेवटच्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही, म्हणून लिहितो. मी अमरावती जिल्ह्यात वरूड भागात वर्षानुवर्षे प्रात्यक्षिके घेतली आहेत, आणि माझे मत असे की लायसोसोम समजावा तो बकरीच्या यकृतात.

ख्रिस्तियान द दुव यांनाही तो सूक्ष्मदर्शकात सापडला नव्हता, विकराच्या आकड्यांत सापडला. १९४९ मध्ये ते उंदराच्या यकृतावर काम करत असताना आम्लीय फॉस्फेटेजची क्रिया अपेक्षेपेक्षा फारच कमी आली, आणि तेच नमुने काही दिवस शीतकपाटात राहिल्यानंतर पुन्हा मोजले तर ती कितीतरी वाढलेली. विकर कोणत्या तरी पिशवीत बंद आहे आणि पिशवी फाटली की ते बाहेर येते, हा तर्क त्यांनी त्यावरून केला. १९५५ मध्ये लायसोसोम हे नाव दिले आणि १९७४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. हा प्रयोग आपल्या महाविद्यालयात सहज होतो.

मटणाच्या दुकानातून सकाळी ताजे यकृत बर्फात घालून आणावे. सुक्रोजच्या ०.२५ मोलार थंड द्रावणात हलक्या हाताने घोटावे आणि मलमलीतून गाळावे. मिक्सर अजिबात वापरू नये, कारण त्यात पिशव्या आधीच फुटतात आणि मग दाखवायला काही उरत नाही. गाळलेल्या द्रवाचा अर्धा भाग तसाच ठेवावा आणि अर्धा फ्रीजच्या बर्फकप्प्यात अनेक वेळा गोठवून वितळवावा. दोन्ही भागांना सामू ५ च्या द्रावणात बीटा-ग्लिसरोफॉस्फेट द्यावे. त्या द्रावणातही सुक्रोज हवे, नाहीतर पाणी शिरून पिशव्या नळीतच फुटतील. दहा मिनिटांनी ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाने क्रिया थांबवावी आणि सुटलेले फॉस्फेट फिस्के–सुब्बाराव पद्धतीने मोलिब्डेटच्या निळ्या रंगावरून मोजावे. ही १९२५ ची पद्धत आपल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांची आहे, हे मुलांना जरूर सांगावे. यकृतात मुळातच फॉस्फेट असते, तेव्हा दोन्ही भागांचा शून्य मिनिटाचा नमुना वजा केलाच पाहिजे. पॅरानायट्रोफेनिल फॉस्फेट सोपे पडते आणि पिवळा रंग लगेच दिसतो. मात्र ते पेशीद्रव्यातील दुसऱ्या फॉस्फेटेजलाही चालते, त्यामुळे न फोडलेल्या भागातही क्रिया दिसते आणि दोन भागांतला फरक बोथट होतो.

हे प्रात्यक्षिक हिवाळ्यात घ्यावे, ही एक सूचना अनुभवाने करतो. वॉटरबाथ पाणी तापवू शकतो, थंड करू शकत नाही. मे महिन्यात आपल्या प्रयोगशाळेची हवाच ४० अंशांच्या वर असते, तेव्हा ३७ अंश ठेवणार कसे? शिवाय बर्फ वितळत जातो आणि पिशव्या आपोआप फुटतात.

दुसरे प्रात्यक्षिक गांडुळाचे. गांडुळाच्या देहगुहेतील द्रवाचा थेंब बारीक सुईने काढून काचपट्टीवर घ्यावा, पेशी काचेला चिकटू द्याव्यात आणि त्यांना न्यूट्रल रेड द्यावा. साध्या सूक्ष्मदर्शकातही लायसोसोम लाल ठिपक्यांसारखे भरलेले दिसतात. मग दर काही मिनिटांनी पाहत राहावे. काही वेळाने ठिपके पुसट होतात आणि संपूर्ण पेशीद्रव्य गुलाबी होते, म्हणजे रंग गळला. निम्म्या पेशींत तो गळायला किती वेळ लागला ते टिपून ठेवावे. तांब्याचा संसर्ग झालेल्या गांडुळांत ही वेळ घटते, हे परदेशांत तीस वर्षांपूर्वीच दाखवले गेले आहे. आमच्याकडे डिंक्या या खोडातून डिंक गळण्याच्या रोगासाठी संत्र्याच्या खोडांना बोर्डो मिश्रण लावण्याची जुनी वहिवाट आहे, आणि बोर्डो म्हणजे मोरचूद, म्हणजे तांबेच. बागेतील झाडाखालच्या मातीतली गांडुळे आणि कधीच बोर्डो न लागलेल्या धुऱ्यावरची गांडुळे यांची तुलना हा पदव्युत्तर प्रकल्पाचा चांगला विषय होईल. मात्र दोन्हीकडची जात एकच असल्याची खात्री करून घ्यावी.

चेतापेशी_संवर्धन यांचे उत्तर

सर, गांडुळाचे प्रात्यक्षिक मॅडमच्या वर्गासाठी अगदी नेमके आहे, आणि त्याचे कारण मुद्दाम सांगतो. न्यूट्रल रेड हाही क्षीण आम्लारी आहे, तो लायसोट्रॅकरच्याच नियमाने साठतो. त्याच काचपट्टीवर मुलांनी सुरुवातीला ठिपक्यांची गडदता मोजावी आणि नंतर रंग टिकण्याची वेळ मोजावी. कदाचित असे दिसेल की आरंभी गडद भरलेल्या पेशींतूनच रंग लवकर गळतो. तसे दिसले किंवा न दिसले, तरी ‘किती भरला’ आणि ‘किती वेळ टिकला’ ही दोन वेगळी मापे आहेत, हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी कळेल. पटल फाटण्याचा हाच प्रश्न आम्ही चेतापेशींत गॅलेक्टिन-३ वापरून विचारतो. हे प्रथिन पेशीद्रव्यात विखुरलेले असते आणि लायसोसोमचे पटल फाटले की आतल्या शर्करांना चिकटून ठिपका धरते.

प्राणिशास्त्र_दारव्हा यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. गांडुळांचे काम आम्ही पावसाळ्यानंतर आणि यकृताचे डिसेंबरात घेऊ. डॉक्टरसाहेबांचे म्हणणे मी वर्गात जसेच्या तसे वाचून दाखवणार आहे. आमच्या वर्गातील काही मुलींची लग्ने नात्यातच ठरलेली आहेत, त्यामुळे वाहकांविषयीची माहिती त्यांना नुसत्या परीक्षेपुरती राहणार नाही.

चित्रांविषयी एक विचारायचे राहिले. मुलांनी प्रत्येक गटात दोनशेच्या आसपास पेशी मोजल्या आणि फरक सांख्यिकीदृष्ट्या फार ठळक आला. आता उजळीचा अर्थ बदलला तरी ‘फरक आहे’ एवढे तरी ठामपणे म्हणता येईल का?

चेतापेशी_संवर्धन यांचे उत्तर

मॅडम, अजून नाही. त्या दोनशे पेशी किती वेगवेगळ्या खेपांतून आल्या, हे आधी विचारा. मूलपेशींपासून चेतापेशी बनवण्याची प्रत्येक खेप थोडी वेगळी निघते. एकाच डब्यातील दोनशे पेशी या सांख्यिकीत दोनशे स्वतंत्र निरीक्षणे ठरत नाहीत, ते एकच निरीक्षण आहे. निदान तीन स्वतंत्र खेपा हव्यात, आणि प्रत्येक खेपेची सरासरी हा एक आकडा धरावा. त्याहून मोठी अडचण तुलनेची आहे. दोन वेगळ्या माणसांच्या पेशींत जीबीए१ खेरीज लाखो जनुकीय फरक असतात. त्याच रुग्णाच्या मूलपेशींत क्रिस्पर या जनुक-दुरुस्तीच्या तंत्राने तेवढा एक दोष दुरुस्त करून बनवलेल्या चेतापेशी शेजारी ठेवल्या, तरच फरकाचे कारण जीबीए१ आहे असे म्हणता येते. अशी दुरुस्त जोडी त्या प्रयोगशाळेत असेल तर तिचीही चित्रे मागवा. त्याबरोबर लॅम्प१ या लायसोसोमच्या पटलावरील प्रथिनाची चित्रे मिळाली तर लायसोसोमांची संख्या आणि आकार वेगळे काढता येतील, आणि बॅफिलोमायसिनचा डबा तर हवाच.

चित्रे व्हॉट्सअ‍ॅपवर आल्याचे तुम्ही लिहिले आहे. त्या वाटेने आलेले चित्र दाबून लहान केलेले असते आणि त्यातील उजळीचे मूळ आकडे बदललेले असतात. डोळ्यांनी पाहायला ते ठीक आहे, मोजायला नाही. सूक्ष्मदर्शकाने साठवलेली मूळ फाइल, किंवा निदान न दाबलेली टिफ फाइल, ड्राइव्हवरून मागवावी. ती फिजीत उघडल्यावर मोजण्याआधी हिस्टोग्राम पाहावा. सर्वांत उजळ ठिपके कमाल आकड्याला टेकलेले असतील तर ती चित्रे मोजणीतून बाजूला काढावी लागतील, कारण त्या आकड्याच्या वरचे सगळे कापले गेलेले असते आणि अधिक उजळ गटाचेच नुकसान अधिक होते. दोन्ही गटांना प्रकाशाची तीव्रता आणि एक्स्पोजरचा काळ तोच होता का, हेही लिहून घ्यावे. फाइलींची नावे बदलून एका विद्यार्थ्याने क्रमांक द्यावेत आणि मोजणाऱ्यांना गट कळू देऊ नये. पेशीकाय आणि अक्षतंतू यांची मोजणी वेगवेगळ्या रकान्यांत ठेवावी. जीबीए१ च्या पेशींत फरक फक्त पेशीकायात निघतो की दूरवरच्या टोकांतही निघतो, हे मला स्वतःलाही पाहायला आवडेल. मूळ फाइली आल्या की येथे कळवा, मोजणीचा मॅक्रो मी लिहून देतो.